बोट ठेवलेलंच होतं

गल्लीत मला बटणवाला म्हणतात. वॉशिंग मशीन, ओव्हन, मिक्सर, जे जे बोटाने चालतं आणि बोटानेच बिघडतं ते माझ्या टेबलावर येतं. बटण ही फार प्रामाणिक वस्तू आहे असं माझं मत आहे. दाबलं की टक् वाजतं, सोडलं की वर येतं, खराब झालं की चिमट्याने उपटून दुसरं बसवायचं. टचवाल्या पाट्यांचं तसं नाही. त्यांच्यावर बोट ठेवा, मनात असेल तर ऐकतील, नाही तर ढिम्म. गिऱ्हाईक विचारतं, काय झालंय हिला? मी सांगतो, रुसलीय.

दुकान खाली, घर वर, मध्ये सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना. वर माझी बायको शर्ट शिवायची. पंचवीस वर्षं शिवले. ‘वर एक बटणं लावतंय, खाली एक बटणं काढतंय’ अशी शेजारी आमची थट्टा करायचे. त्यावर ती म्हणायची, “माझी लावलेली निघत नाहीत, यांची बसवलेली टिकत नाहीत.” तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. अजूनही आहे, फक्त आता एका वाक्याला तिला तीन श्वास लागतात.

आजाराचं लांबलचक नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी घडी घालून कपाटात टाकला. सरळ सांगायचं तर मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा होतो. आधी तिला सुईत दोरा ओवता येईना, मग कात्री धरता येईना, मग चमचा. दोन वर्षांत पाय गेले, आवाज पार बसला. उरला उजवा हात, आणि त्यातही कामाचं एकच बोट. घशात कफ अडकला तर तिला खोकून काढता येत नाही. पलंगाशेजारी सक्शन मशीन आहे, त्याची नळी घालून तो ओढून घ्यावा लागतो. ते शिकवताना नर्सबाईंनी मला बजावलं होतं, “काका, हे हळूहळू चढतं, पण एकदा चढायला लागलं की पंधरा मिनिटं हातात आहेत असं समजा. सोळावं नाही.”

म्हणून बेल. बटण वर, घंटी खाली माझ्या टेबलाच्या वर, अगदी डोक्याशी. लहान बाळांसाठी मिळतं तसलं आवाजाचं यंत्र आधी लावून पाहिलं होतं, पण त्यात तिच्या कुजबुजीपेक्षा पंख्याची घरघर जास्त ऐकू यायची. बटणाला तोड नाही, असं मी तेव्हा छाती फुगवून म्हटलं होतं.

पहिलं बटण दाराच्या बेलचं होतं. ते चार महिने चाललं. मग तिला ते जड जायला लागलं, तेव्हा रिमोटमधलं नरम बटण बसवलं. तेही जड झालं, मग कॉम्प्युटरच्या माऊसमधला स्विच काढला आणि त्याला पत्र्याची लांब पट्टी जोडली. नुसतं बोट टेकवलं तरी टक् व्हायचं. रोज सकाळी डोळे उघडल्यावर ती पहिलं काम ते करायची. एकदा टक्, खाली एकदा घंटी. मी खालून ओरडायचो, “ऐकलं गं!” तिला काही नको असायचं. बोटात आज किती जोर उरलाय ते ती बघत असे. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं, पण आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

मग एका सकाळी घंटी वाजली नाही. वर गेलो तर ती पट्टीवर बोट ठेवून पडली होती, बोटाचं टोक पांढरं झालेलं. “झोप लागली होती परत,” म्हणाली. खोटं बोलायला ती कधीच शिकली नाही.

आमची लेक दूरच्या शहरात नोकरी करते. तिने फोनवर सांगितलं, “बाबा, टच सेन्सर लावा ना. त्याला जोर लागतच नाही. नुसतं बोट असलं तरी पुरतं.” मला हे सुचलं नव्हतं असं नाही. माझ्या खणात नखाएवढ्या टच सेन्सरच्या पाट्या पडून होत्या. पण टच लावायचं म्हणजे हिच्या बोटात आता काही उरलं नाही हे कबूल करायचं. मला ते करायचं नव्हतं. मी लेकीवरच खेकसलो, तुला बसल्या जागी सगळं सोपं दिसतं म्हणून. दोन दिवसांनी गुपचूप लावला.

काम तसं सोपं. तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक चौकोन कापला, पातळ प्लास्टिकच्या मागे चिकटवला, वायर सेन्सरला, सेन्सर घंटीला, सगळं भिंतीतल्या प्लगवर. तो चौकोन तिच्या उजव्या हाताशी गादीला बांधला. खाली टेबलावर एक हिरवा दिवा, चालू असल्याची खूण. तिने पहिल्यांदा बोट ठेवलं आणि खाली माझ्या डोक्याशी घंटी खणखणली, तेव्हा मला मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हासारखं वाटलं. वर आलो तर बायको चौकोनाकडे बघत होती.

“वाजली?” तिने विचारलं.

“वाजली की! खाली दणदण वाजली.”

“मला... कसं कळणार?”

“मी येईन ना वर. आलो की कळेल.”

घंटी वर ऐकू येत नव्हती आणि या चौकोनाला टक् नव्हतं. वर एक छोटा दिवा लावणं हे पाच मिनिटांचं काम होतं. उद्या करू म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशी वेगळंच सुरू झालं. सकाळपासून घंटी वाजायला लागली. पहिल्यांदा धावलो, ती झोपलेली. दुसऱ्यांदा धावलो, ती म्हणाली, मी हात लावलाच नाही. अंग पुसताना चादर ओली झाली होती आणि ओली चादर सेन्सरला बोटासारखीच वाटते. हे मला सहाव्या फेरीला कळलं, आणि तोपर्यंत माझे गुडघे आणि डोकं दोन्ही कामातून गेली होती. पाचव्या वेळी दारात उभं राहूनच मी ओरडलो, “खरंच काही असेल तेव्हाच हात लाव ना! मी काय इथे जिना चढायलाच बसलोय?”

“मी... नाही लावला.”

“मग काय भूत वाजवतंय?”

ती भिंतीकडे बघायला लागली.

सहाव्यांदा घंटी वाजली तेव्हा मी एक पाटी डागत होतो. हातात गरम सोल्डरिंग गन होती. मी घंटी ऐकली. ऐकून, टाका पूर्ण केला. मग शेजारचाही केला. मग गन स्टँडवर ठेवली आणि सावकाश वर गेलो. तीन एक मिनिटं गेली असतील. वर काही झालेलं नव्हतं, चादरच होती. मी चादर बदलली, सेन्सरला एक छोटा कपॅसिटर लावून त्याचे कान जरा बधिर केले, आणि त्यानंतर तो उगाच वाजला नाही. चूक माझी होती, हे मला कळलं होतं. ते तिला सांगायला मात्र जीभ वळली नाही. वळेल उद्या, असं मनात म्हटलं आणि जेवायला वाढलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीवाला आला.

लाँड्रीवाला म्हणजे चौकात कपडे धुऊन देणारा. माणूस चांगला, पण बोलायला लागला की त्याच्या मशीनसारखा, सायकल पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. त्याच्या मोठ्या मशीनची टचवाली पाटी बिघडली होती. तो ती खोलून पिशवीत घालून घेऊन आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. “मास्तर, आज दुरुस्त झाल्याशिवाय जाणार नाही. हॉटेलच्या चादरी भिजत पडल्यात.”

मी वर जाऊन बायकोला पाणी दिलं, उशी सारखी केली, बोट चौकोनाच्या शेजारी ठेवलं, आणि खाली येऊन पाटी उघडली. आत पाण्याचा डाग होता, वीज वाहणारी तांब्याची एक बारीक वाट गंजून तुटली होती. अर्ध्या तासाचं काम.

पावणेतीनला वीज गेली. पंखा थांबला, सोल्डरिंग गन गार व्हायला लागली, टेबलावरचा हिरवा दिवा विझला. माझा जीव एकदा वर गेला. उठून बघून यावं का, असं वाटलंही. पण लाँड्रीवाल्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता आणि मी मनात म्हटलं, दोन मिनिटांत येईल वीज, काही असलं तर घंटी आहेच. वीज नसताना घंटीही नाही, एवढं साधं गणित बटणवाल्याला त्या क्षणी सुचलं नाही.

दोन मिनिटांत वीज आली. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. झालं सगळं जागच्या जागी. मी गन गरम होण्याची वाट बघितली आणि कामाला लागलो. घंटी गप्प होती. आज निवांत झोपलीय बिचारी, असं मला वाटलं आणि खरं सांगतो, त्या शांततेचा मला आनंद झाला. कालच्या सहा फेऱ्यांनंतर कुणालाही झाला असता.

तुटलेल्या वाटेवर बारीक तार टाकली, दोन्ही टोकं डागली. लाँड्रीवाल्याने मधे त्याच्या मेव्हण्याची एक गोष्ट सुरू करून संपवली. मी पाटी पुसली, केबल जोडली. घड्याळाकडे लक्ष गेलं ते तीनला एक मिनिट कमी असताना.

“धरा जरा,” मी म्हटलं. लाँड्रीवाल्याने पाटी दोन्ही हातांनी धरली आणि मी प्लग खोचला.

पाटीवरचे दिवे लागले. तो ‘सुरू’च्या खुणेवर अंगठा दाबत होता. काहीच होत नव्हतं.

“गेली की हो मास्तर ही! होती त्याहून मेली.”

“अहो, अंगठा काढा आधी!” मी खेकसलो. हे वाक्य मी रोज दहा गिऱ्हाइकांना ऐकवतो, ते पाठच आहे माझं. “प्लग लावताना तिच्यावर हात ठेवायचा नाही. सुरू होताना तिच्यावर जे असतं ते ती रिकामं म्हणून धरते. हात असला तर हातच रिकामा. मग कितीही वेळ ठेवा, तिला वाटतं कोणी...”

माझी नजर टेबलावरच्या हिरव्या दिव्याकडे गेली.

वीज गेली, पंखा थांबला. वर ती घाबरली असणार. घाबरल्यावर ती काय करेल? बोट ठेवेल. आणि वीज आली तेव्हा ते बोट तिथेच असणार, कारण ठेवलेलं बोट उचलणं तिला आता ठेवण्याहून जड जातं.

जिना मी कसा चढलो ते मला आठवत नाही. मधल्या पायरीवर नडगी फुटली, ते संध्याकाळी पँट काढताना दिसलं.

तिचे ओठ निळसर झाले होते. छाती वर ओढली जात होती आणि आत काही जात नव्हतं, घशातून फक्त बारीक खरखर. बोट चौकोनावर होतं. डोळे उघडे होते पण दाराकडे नव्हते. ती छताकडे बघत होती.

“आलो, आलो गं,” असं काहीतरी मी बोलत होतो. सक्शनचं बटण दाबलं, नळी उचलली, पहिल्यांदा ती दातांवरच आपटली. दुसऱ्यांदा आत गेली. नर्सबाईंनी शिकवलेलं सगळं डोक्यातून उडालं होतं, हातांना तेवढं आठवत होतं. नळीत खळखळलं, थांबलं, परत खळखळलं. मी नळी बाहेर काढली, तिला कुशीवर वळवलं, पाठ थोपटली, परत घातली. घट्ट पिवळा गोळा सुटून नळीतून गेला आणि तिने श्वास घेतला. इतका मोठा आवाज करून घेतला की खालून लाँड्रीवाला ओरडला, “मास्तर, काय झालं?”

मी तिचे ओठ बघत होतो. निळ्याचे जांभळे झाले, जांभळ्याचे मळकट गुलाबी. नर्सबाईंना फोन केला, त्यांनी सांगितलं ते सगळं केलं, त्या तासाभरात येते म्हणाल्या. मग मी पलंगाशेजारी जमिनीवरच बसलो.

बऱ्याच वेळाने ती बोलली. कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“बेल... बंद करा ना आता.”

“काय?”

“खाली... वाजत असेल. त्या माणसाला... त्रास.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि वाटलं की नसता लागला तर बरं झालं असतं. तिच्या हिशेबी बेल बारा मिनिटं वाजत होती. तिच्या हिशेबी मी ती ऐकत होतो.

“अगं, वाजलीच नाही ती!” मी म्हटलं. “वीज गेली होती ना, तुझं बोट त्याच्यावर होतं, त्यामुळे सेन्सरला...”

“असू दे हो,” ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. लहान मूल दुधाचं भांडं सांडून मांजराचं नाव घेतं, तेव्हा आपण बोलतो तशी. तिला वाटलं मी सारवासारव करतोय.

“असू दे काय! खरंच नाही वाजली. मी ऐकून बसलो असेन असं वाटतं तुला?”

तिने नजर परत भिंतीकडे वळवली. ते माझ्या वर्मी बसलं.

“काल बसलो होतो,” मी म्हटलं. एवढं बोलायला मला जिन्यापेक्षा जास्त दम लागला. “सहाव्या वेळी. ऐकलं होतं मी. टाका पूर्ण करून आलो. राग आला होता मला. पण आज नाही. आज देवाशपथ नाही.”

“माहीत आहे... कालचं,” ती म्हणाली. “पायऱ्या... उशिरा वाजल्या.”

तिला पायऱ्या ऐकू येतात. मी कधी निघालो, किती वेगाने चढलो, चिडून चढलो की घाबरून, सगळं तिला पायऱ्यांवरून कळतं. बेल वाजली की नाही हे कळायला तिच्याजवळ माझ्या पायांशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी उठलो. खिडकीतून खाली हाक मारली, “अहो, आहात का? जरा घंटीखाली उभे राहा. वाजली की ओरडून सांगा. नाही वाजली तरी सांगा.”

“आहे, आहे, सांगतो,” लाँड्रीवाला म्हणाला. पहिल्यांदाच तो एवढं थोडं बोलला.

मी सेन्सरचा प्लग काढला. तिचं बोट उचलून चौकोनावर ठेवलं. ते गार होतं. मग प्लग लावला.

“वाजली का हो?”

“नाही!”

मी मनात वीस आकडे मोजले. तिचं बोट तसंच होतं. ती माझ्याकडे बघत होती.

“आता?”

“नाही, मास्तर! काही नाही!”

मग मी तिचं बोट अलगद वर घेतलं, केसाएवढं, आणि परत टेकवलं. खाली घंटी खणखणली. वर ऐकू आली नाही, पण लाँड्रीवाला गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, “वाजली! वाजली!”

“परत,” बायको म्हणाली.

परत केलं. प्लग काढला, बोट ठेवलं, प्लग लावला. नाही. नाही. बोट उचलून ठेवलं. वाजली. तिने तिसऱ्यांदा करायला लावलं नाही. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे निघालं. तिला ते पुसता येत नाही, आणि मला हलायचं सुचलं नाही.

“म्हणजे उगाच...” ती म्हणाली आणि श्वासासाठी थांबली.

“उगाच काय?”

“उगाच माफ केलं... मी तुम्हाला.”

तिची जीभच ती. एरवी मी हसलो असतो, आणि माझं तोंड सवयीने हसायला निघालंही होतं.

“कधी?” मी विचारलं.

“तेव्हाच. वाजवत होते... तेव्हा.” तिने दोन श्वास घेतले. “म्हटलं, येत नाहीत... तर नाही. दमले असतील. मनात ठेवून... कशाला जायचं.”

खालून लाँड्रीवाला विचारत होता, अजून उभा राहू का, की जाऊ. मी तिचं डोकं छातीशी धरून बसलो होतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, “कानात पाणी जातंय.” मग मी ते पुसलं.